एक जूनला जन्मलेलं गाव

४ जुलै २०२५, शुक्रवार

ताई,

जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस. दाजींच्या मोबाइलवर लावला तर मागून तुझाच आवाज येतो, "घरी नाही म्हणा," आणि ते बिचारे तेच सांगतात. म्हणून लिहायला बसले. भांडणाचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. शाळेचंच लिहिते.

शाळा आपलीच, तू शिकलीस ती. माझी मानधनाची ऑर्डर सप्टेंबरपर्यंत आहे, चौथीचा वर्ग माझ्याकडे. सतरा मुलं. इतिहासाची सुरुवात पुरावा म्हणजे काय इथून होते. मी म्हटलं, किल्ले आणि लढाया नंतर, आधी घर. प्रत्येकाने घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची जन्मतारीख कागद बघून लिहून आणायची. फळ्यावर एक लांब रेघ मारून ठेवली होती, तिच्यावर वर्षं मांडणार होते.

पहिल्या मुलाने सांगितलं, "आजी, एक जून सत्तावन." दुसऱ्याने, "आजोबा, एक जून बावन." तिसरा उठला आणि आधीच हसायला लागला. सतरापैकी चौदा एक जून, दोन एक जुलै, आणि एकाने लिहिलं होतं, "आजी सांगत नाही. मारायला धावते."

पुष्पांजली म्हणून एक पोरगी आहे, झुंबरबाईची नात. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, गावात सुईण तर एकच होती म्हणते माही आजी. एका दिवशी इतकी बाळं? पळून पळून मेली असंन ते!"

वर्ग पाच मिनिटं हसत होता. मीही हसले. मग फळ्याकडे पाठ करून डस्टर शोधत राहिले, कारण तुझी तारीखही एक जूनच आहे.

बघ, भांडणावर आलेच. मे महिन्यात तू आली होतीस तेव्हा ओट्यावर बसून म्हणालीस, "सुची, तू शिकेल हाय. सुलतानपूरले अंगणवाडीत मदतनीसची जागा निघून राह्यली. पस्तीसची अट हाय अन् कागदावर मी छत्तीसची होतो. खरी मी चौतीसची. तेवढी तारीख दुरुस्त करून दे न."

आणि मी म्हणाले, "ताई, नोकरीसाठी वय बदलणं म्हणजे लबाडी. कागदावर आहे ते आहे. मी मुलांना पुरावा शिकवते, मीच असं कसं करू?"

तू आमरसाची वाटी तशीच खाली ठेवलीस. "मले पुरावा शिकवून राह्यली?" एवढंच बोललीस आणि तीनच्या गाडीने निघून गेलीस.

मला अजूनही वाटतं की नियम म्हणून मी चुकीचं बोलले नव्हते. पण आज फळ्यावर ते चौदा जण ओळीने उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.

तुझी,
सुचिता


११ जुलै, शुक्रवार

ताई,

उत्तर नाही आलं. मी वाट पाहत नव्हते असं लिहिणार होते, ते खोटं होईल.

या आठवड्यात धड झोप नाही, धड शिकवणं नाही. मुख्याध्यापकांकडून जुनं दाखल-खारीज रजिस्टर मागून घेतलं. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं प्रकल्पासाठी. कापडी पाठीचं, कोपरे कुरतडलेलं रजिस्टर आहे. दाखल नंबर ४१२: संजीवनी भाऊराव. पहिलीत प्रवेश जून १९९५. जन्मतारीख १ जून १९८९. त्याखाली तीच तारीख अक्षरी. वळणदार, सुंदर अक्षर आहे गं. त्या पानावरची सगळी मुलं एक जूनची, आणि सगळी बरोबर सहा वर्षांची.

पुष्पांजली माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने विचारलं, "मॅडम, चांगल्या अक्षरात लिहिलं की खरं होते का?"

मी म्हटलं, "जागेवर जा." याहून वाईट उत्तर मी आजवर कोणत्याही मुलाला दिलेलं नाही.

ते अक्षर हिंमतराव गुरुजींचं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. आता ब्याऐंशीचे आहेत, कागदावर. ओसरीवर बसून दाणे सोलत होते. माझ्या ऑर्डरसाठी त्यांनीच शब्द टाकला होता आणि शाळा समितीवर ते शिक्षणप्रेमी सदस्य आहेत, हे तुला माहीत आहे. सप्टेंबरात पुढचा ठराव होईल तोही त्यांच्या शब्दावर. हे सगळं डोक्यात घेऊनच विचारलं.

ते आधी हसले. "अवो, कोणाले ठाऊक होती तारीख? माय म्हणे आखाजीच्या आसपास, बाप म्हणे ज्वारी कापणीत. मी एक जून टाकून मोकळा होई. वर्षारंभाले सहा पूर्ण."

"आणि वर्ष, गुरुजी? संजीवनीचं वर्ष?"

त्यांनी दाण्याची टोपली बाजूला सरकवली. त्या साली पट कमी पडत होता, म्हणाले. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जात होती. ते घरोघर फिरले. आपल्या दारात तू चुलतबहिणीच्या मागे मागे फिरत होतीस, तिचा परकर धरून. "तिच्याशिवाय हे राहत नाई म्हणे तुही माय. मी म्हटलं, दोघींले धाडा. हे चार वर्षांची असंन, पण मी सहा लिहिलं. बसून राहीन, शिकलं तेवढं शिकलं. अन् ते तर पहिल्या नंबरानं शिकली!" हे शेवटचं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

ताई, कोणी तुझं वाईट करायला ते लिहिलं नव्हतं. शाळा वाचवायला लिहिलं होतं. त्यामुळे मला रागवायला जागाच सापडेना. मी म्हटलं, गुरुजी, एवढंच कागदावर सही करून द्या. त्यांचा चेहरा बदलला.

"एक खोडली तर सारं गाव येईन माह्या दारात. चाळीस वर्षं लिहिलं मी ते रजिस्टर. आता मरायच्या टायमाले खोटा ठरवतं काय मले? अन् तुही ऑर्डर अजून पक्की नाई, सुचिता. हे सांभाळून ऱ्हाय."

धमकी नव्हती ती. काळजीनेच म्हणाले. मला तीच जास्त लागली.

मी परत आले. गुरुजींनी एकदा लिहिलं आणि ती तारीख उतरत गेली: चौथीच्या दाखल्यावर, बोर्डाच्या कागदावर, आधारवर. आणि तुझ्या लग्नात.

सुचिता


१९ जुलै, शनिवार

ताई,

अर्जाची शेवटची तारीख एकतीस आहे ना? आईकडून कळलं. बारा दिवस राहिले आहेत.

परवा आई दुकानात द्यायच्या वाती वळत बसली होती. मी विचारलं, ताई नक्की कधी झाली? मला वाटलं होतं "उन्हाळ्यात" एवढंच म्हणेल. तिने मानही वर न करता सांगितलं, "तुह्या शाळेचा सलॅप पडला त्या दिवशी."

मी म्हटलं, कोणता स्लॅब?

"नवी खोली नाई का ते. मी गिट्टीच्या घमेल्यावर होती. पोट एवढं. मिस्त्री म्हणे, बाई, तू घरी जाय. मी म्हटलं, आजची हाजरी कोण देईन? दुपारून कळा लागल्या. घमेलं खाली ठेवलं अन् झुंबरनं मले हात धरून घरी आणलं. दिवा लागायच्या आत संजी झाली. तिकडं सलॅप सरला अन् इकडं हे. मिस्त्रीनं सलॅपचा गूळ-फुटाणा आपल्या घरी धाडला, म्हणे दोन्ही कामं एकदम पार पडले."

ताई, हे तुला कधी सांगितलं होतं का तिने? मला नाही. मी पंचवीस वर्षं या घरात आहे, इतिहास शिकवते, आणि आईला एकदाही विचारलं नव्हतं. बाबा बाजेवर पडून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, "कागदावर अठरा होती न." आणि कुशीवर वळले.

नवी खोली म्हणजे माझाच वर्ग. ती गळते. मुख्याध्यापकांनी काल माणूस वर चढवला होता, मी त्याच्या शिडीने मागून चढले. तो ओरडत होता, "मॅडम, काऊन वर येऊन राह्यल्या? पडसान न!" खाली सतरा मुलं माना वर करून उभी. मिस्त्री लोक ओल्या सिमेंटात खिळ्याने तारीख ओढून ठेवतात, एवढंच डोक्यात होतं. त्या माणसाकडून थापी घेतली आणि कठड्याच्या कडेने शेवाळ खरवडत गेले. अर्धा तास काही नाही. मग पाणी जायच्या नळीजवळ एक आकडा लागला.

१२-३-९१.

खाली फक्त "सलीम मि." एवढंच, पुढचं झिजलंय. मी तिथेच ओल्या स्लॅबवर बसले. आईने गिट्टी वाहिलेल्या स्लॅबवर. खालून पुष्पांजली ओरडली, "मॅडम, सापडलं का?" मी म्हटलं, सापडलं. "काय सापडलं?" मी फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला.

बारा मार्च एक्याण्णव. तू चौतीसचीच आहेस. तू म्हणत होतीस तेच. लग्नात सोळाची होतीस.

फोटो सोबत पाठवते आहे. बोट माझं आहे, आकड्याखाली ठेवलेलं.

आणखी एक लिहायचं होतं. आज नको. मुलांच्या वह्या तपासायच्या आहेत.

सुचिता


२१ जुलै, सोमवार, मधली सुट्टी

वह्या तपासून झाल्या होत्या, ताई. शनिवारीच.

मुलं बाहेर खिचडी खाताहेत, पंधरा मिनिटं आहेत, तेवढ्यात लिहिते म्हणजे खोडायला वेळ राहणार नाही.

तुझ्या लग्नाच्या आधी, जूनमध्ये, तू मला कोठीमागे बोलावलंस. मी सात वर्षांची. तू एक घडी केलेला कागद दाखवलास, तुझा शाळेचा दाखला. माझ्या समोर ज्वारीच्या कोठीत तळाशी खुपसलास. म्हणालीस, "सुची, कोणी विचारलं तरी हा काढायचा नाही. हा सापडला नाही तर लगीन थांबते. मले मास्तरीण व्हायचं हाय." तू कॉलेजातल्या मॅडमच्या मदतीने तालुक्याला लग्न थांबवायचा अर्ज केला होतास, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं. कागद नसता तर त्यांनी डॉक्टरकडे नेऊन वय पाहिलं असतं.

चार तारखेला त्या आल्या. तालुक्याच्या मॅडम आणि पोलीस पाटील. तुला मागच्या घरात बसवलं होतं. मॅडमनी विचारलं, मुलीच्या वयाचा कागद? बाबा म्हणाले, होता, सापडून नाही राह्यला. खरंच म्हणत होते. आई घाबरून काहीच बोलेना. मग मॅडमनी विचारलं, "घरात वाचता कोणाला येतं?"

बाबा म्हणाले, "या लहानीले येते. जोडाक्षरंबी वाचते."

ताई, मला कोणी मारलं नाही. कोणी दरडावलं नाही, आमिष दाखवलं नाही. मला फक्त वाचून दाखवायचं होतं. मी धावत गेले, कोठीत काखेपर्यंत हात घातला आणि कागद घेऊन आले. उभी राहून वाचला. "अक्षरी: एक जून एकोणीसशे एकोणनव्वद." एकोणनव्वदला अडखळले, मॅडमनी सांगितलं. त्यांनी बोटं मोजली, अठरा पूर्ण, तीन दिवस वर. वहीत लिहिलं. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "हुशार आहेस गं. खूप शिक."

सात तारखेला तुझं लग्न झालं.

तू समजत आलीस की कागद बाबांनी शोधून काढला. तू त्यांच्याशी तीन वर्षं बोलली नाहीस. मी गप्प राहिले. पुढे मला तुझं वागणं समजायला लागलं तेव्हाही गप्प राहिले. बारावीला, बीएला, डीएडला, प्रत्येक वेळी त्या बाईंचं "खूप शिक" आठवायचं आणि मी अजून शिकायचे. घरातली पहिली पदवीधर म्हणून समाजमंदिरात माझा सत्कार झाला तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. मला तुझ्याकडे बघवेना.

आणि मे महिन्यात मी तुला म्हणाले, कागदावर आहे ते आहे.

घंटा झाली.


२६ जुलै, शनिवार

ताई,

सोमवारचं पत्र तुला मिळालं असेल. आता तुला लिहायचा हक्क राहिला का, ठाऊक नाही. पण आज वर्गात झालं ते तुझ्याबद्दलचं आहे, म्हणून लिहिते.

मी मुलांना तुझी गोष्ट सांगितली. नाव न घेता. एक मुलगी, एक कागद, एक छोटी बहीण. कोणता पुरावा खरा धरायचा ते ओळखा म्हटलं. त्यांनी स्लॅब धरला. कारण विचारलं तर एक जण म्हणाला, "सिमेंटले कोणाचं काम नव्हतं, मॅडम." म्हणजे त्याला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. माझ्या डीएडच्या पुस्तकात हे चार पानांत लिहिलं होतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. हिंमतराव गुरुजी. पुष्पांजलीने परस्पर जाऊन त्यांना बोलावलं होतं, "आमच्या मॅडमनं मौखिक पुराव्यासाठी बोलावलं" असं ठोकून. मी हातातला खडू खाली ठेवला. मुख्याध्यापकही मागे येऊन उभे राहिले.

गुरुजी मुलांच्या बाकावर बसले, गुडघे छातीशी. मुलं कुठे थांबतात? "गुरुजी, माही आजी किती वर्षांची हाय?" "गुरुजी, माह्या आबाचं तुम्हीच लिहिलं का?" "गुरुजी, तुम्हाले सगळ्यांचं एकच काऊन सुचलं?"

ते म्हणाले, "अबे, मले सुचलं नाई. मले नव्हतं ठाऊक. नाई ठाऊक असं लिहायला रजिस्टरमध्ये जागाच नव्हती."

 मग पुष्पांजलीने विचारलं, "अन् तुमची कवाची, गुरुजी?"

त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "माहीबी एक जूनच हाय, बाई. माह्या मास्तरनं लिहिली. मले माहा वाढदिवस ठाऊक नाई."

पहिल्यांदा कोणी हसलं नाही. एक पोरगी म्हणाली, "आम्ही शोधून देऊ." आणि लगेच तिघांनी वह्या उघडल्या. तुमच्या जन्माच्या वेळी कोणती विहीर खोदत होते, पूर आला होता का, कोणाचं लग्न झालं. गुरुजी सांगायला लागले.  अर्ध्या तासाने उठताना मला म्हणाले, "आण तो कागद. खोटा ठरलो तर ठरलो. पट भरला होता, हेबी लिही त्याच्यात."

लिहिलं. त्यांनी सही केली, त्याच वळणदार अक्षरात. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, सप्टेंबरात समितीसमोर हे निघेल." मी म्हटलं, निघू द्या, सर. म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत सप्टेंबरला किती दिवस उरले ते मोजत होते.

आता माझ्याकडे चार कागद आहेत. गुरुजींचं निवेदन. आईचं, झुंबरबाईची साक्ष असलेलं. स्लॅबचा फोटो. आणि माझा जबाब, कोठीतून कागद कोणी काढला त्याचा. तो कुठे लागेल, लागेल की नाही, माहीत नाही, पण लिहून सही केली आहे. तहसीलमध्ये विचारून आले. जन्माची नोंद व्हायला महिने लागतील म्हणाले, अर्जासोबत हे जोडून द्या, ठरवणारे ठरवतील. म्हणजे जागा मिळेलच असं नाही. खोटी आशा मी तुला लावणार नाही.

मुलांनी भिंतीवर गावाची रेघ काढली आहे. खडूने नाही, रंगाने. तिच्यावरची पहिली नोंद त्यांनी मला न विचारता लिहिली: "१२ मार्च १९९१. आमच्या वर्गाचा स्लॅब पडला. एक मुलगी जन्मली." नाव काय लिहायचं म्हणून विचारत होते. जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. ते नाव लिहायचं की नाही, तू ठरव.

हे सगळे कागद सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवते. गुरुवारी शेवटची तारीख आहे, तोवर पोचतील.

सुचिता


२७ जुलै, रविवार

ताई,

आज सकाळी आईचा मोबाइल वाजला. मी चुलीपाशी होते. आई नुसती "हाव... हाव... बरं" करत होती. मग मोबाइल घेऊन बाबांच्या बाजेपाशी गेली आणि परत येऊन पुन्हा वातींना लागली. मी विचारलं, कोण?

"संजी."

मी चुलीपासून उठले. काय म्हणाली?

"म्हणे बाबाले दे. तुह्या बाबासंगं बोलली. तेच रडत होते, काय बोलले मले ऐकू नाई आलं." मग वात हातावर फिरवत म्हणाली, "तुह्यासाठीबी निरोप हाय. तू कागद पोस्टानं धाडणार हे मी कालच जावयाले सांगतलं होतं. म्हणे, तिले सांग, कागद पोस्टानं धाडू नको. तो जुना दाखला बाबांच्या पेटीत हाय, तोबी घे. कोठीतून ज्या हातानं काढला, त्या हातानं आणून दे म्हणा."

"रागात म्हणाली का, आई?"

"मले काय माहीत? तूच जाऊन पाय."

पेटी उघडली. दाखला तळाशी होता, घडीवर फाटायला आलेला. ज्वारीचा एक दाणा अजून त्याच्या घडीत आहे. तो काढला नाही.

उद्या पहाटेची मोताळ्याची गाडी धरते. बुलढाण्याला बदलून मेहकर, तिथून सुलतानपूर. दोनपर्यंत पोचेन. तू दार उघडशील, की चौकटीतच हात पुढे करून कागद घेशील आणि लावून घेशील, काहीच ठाऊक नाही. दोन्ही ठीक. उद्या वर्गाला सुट्टी म्हणून पुष्पांजलीच्या घरी सांगून आले, तर तिने विचारलं, "त्या लहान बहिणीकडे चालल्या का, मॅडम?" मी म्हटलं, नाही गं, मोठीकडे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही.